वाढते वय : फायदे, तोटे आणि आवश्यक कागदपत्रे

व्याख्या

वय वाढणे ही जन्मल्या दिवसापासून अखंड चालणारी क्रिया आहे. तिचा वेग सर्वांना सारखाच, म्हणजे दर वर्षाला एक वर्ष, असा असतो. पहिली पस्तीस-चाळीस वर्षे या क्रियेला 'मोठे होणे' म्हणतात आणि त्यानिमित्त केक कापतात. त्यानंतर तिला 'वय होणे' म्हणतात आणि त्यानिमित्त रक्त तपासतात.

मराठीने या क्रियेसाठी 'पिकणे' हे क्रियापद राखून ठेवले आहे. केस पिकतात, पान पिकते आणि आंबा पिकतो. या तिघांपैकी पिकल्यावर भाव वाढतो तो फक्त आंब्याचा. 'उतारवय' हा दुसरा शब्द. तो ज्याने घडवला त्याला गुडघ्यांची पक्की माहिती असली पाहिजे, कारण जिना चढताना येतो त्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो.

वाढत्या वयाला फायदेही आहेत आणि तोटेही. दोहोंतला मुख्य फरक असा की, तोटे आपणहून घरी येतात आणि त्यांना कोणतेही ओळखपत्र लागत नाही. फायद्यांसाठी मात्र अर्ज करावा लागतो, अर्जाला वयाचा पुरावा जोडावा लागतो आणि त्या पुराव्याची मूळ प्रत घरी राहिलेली असते.

प्रारंभ

म्हातारपण नेमके केव्हा सुरू होते, याबाबत कार्यालयांत एकमत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा 60 वर्षे ही मर्यादा धरतो. बँकाही साठीपासून मुदत ठेवीवर साधारण अर्धा टक्का व्याज जास्त देतात. एसटी महामंडळ मात्र इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही. त्यांच्या लेखी अर्धे तिकीट मिळण्याइतका ज्येष्ठपणा 65व्या वर्षी येतो. परिणामी 62 वर्षांचे गृहस्थ सकाळी अकरा वाजता बँकेत म्हातारे असतात आणि साडेअकरा वाजता एसटीत तरुण होतात.

पुढच्या पायऱ्याही अशाच आहेत. उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळण्यासाठी 70 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 75 पूर्ण झाल्यावर एसटीचा प्रवास मोफत होतो. ही सवलत ऑगस्ट 2022 पासून आहे. प्राप्तिकर खाते 80व्या वर्षी माणसाला 'अतिज्येष्ठ' ही पदवी देते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत घरी बसून मत देण्यासाठी 85 वर्षे लागत होती. एसटीच्या मोफत प्रवासाबद्दल एवढेच नोंदवावे की, ज्या वयात गाडी कोणत्याही गावाला फुकट नेते, त्याच वयात तिची पहिली पायरी सर्वांत उंच झालेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब निराळा आहे. रेल्वे खालचा बर्थ देताना पुरुषाचे वय 60 धरते आणि स्त्रीचे 45. उलट एसटीने मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट लागू केल्यामुळे महाराष्ट्रातील स्त्रीला 75व्या वर्षापर्यंत वाहकाला वय सांगण्याचे कारणच उरलेले नाही. शासनाच्या अनेक योजनांमधली ही सर्वांत समजूतदार योजना मानावी लागेल.

निवृत्तीचे वयही खुर्चीनुसार बदलते. मंत्रालयातला अधिकारी 58व्या वर्षी थकतो, केंद्र सरकारचा 60व्या, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश 62व्या आणि सर्वोच्च न्यायालयाचे 65व्या वर्षी. राजकारणात थकण्याची सोय नाही. मोरारजी देसाई 1977 मध्ये 81व्या वर्षी पंतप्रधान झाले. त्यांचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. 1900 हे लीप वर्ष नसल्याने त्यांचा तारखेबरहुकूम पहिला वाढदिवस आठव्या वर्षी आला आणि शपथ घेतली तेव्हा असे एकूण 19 वाढदिवस झाले होते. लोकसभेला उभे राहण्यासाठी 25 पूर्ण असावे लागतात. तिथे वाढदिवस न मोजता वर्षे मोजतात, हे देशाच्या दृष्टीने बरे झाले.

कार्यालयांच्या कितीतरी आधी म्हातारपणाची नोंद भाजीबाजारात होते. तिथे पुरुष 'दादा', 'काका', 'आजोबा' आणि स्त्री 'ताई', 'काकू', 'आजी' अशा तीन इयत्ता पार करते. या बढतीला पुरावा लागत नाही. भाजीवाल्याची एक नजर पुरते. 'दादा' या इयत्तेतून 'काका' या इयत्तेत जाणारा पुरुष घरी येऊन आरशासमोर उभा राहतो. 'ताई'ची 'काकू' झालेली स्त्री भाजीवाला बदलते.

यातून कलप आणि सवलत यांचा तंटा उद्भवतो. साठीचा पुरुष रविवारी केसांना कलप लावून दहा वर्षे खोडतो आणि सोमवारी बँकेच्या खिडकीवर आधार कार्ड ठेवून ती परत मागतो. काळ्या केसांकडे पाहून कारकुनाने "कार्ड तुमचंच ना?" असे विचारले तर राग यावा की आनंद व्हावा, हे अजून ठरलेले नाही.

तोटे

तोट्यांचा आरंभ डोळ्यांपासून होतो. डोळ्यातले भिंग वयानुसार ताठर होत जाते आणि जवळच्या वस्तूसाठी त्याला पुरेसे फुगता येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला आठ-दहा सेंटिमीटरवरचे अक्षर स्पष्ट दिसते. साठीत चष्म्याशिवाय तेच अक्षर स्पष्ट दिसायला ते जवळपास एक मीटर दूर न्यावे लागते. अंतर असे दहापट वाढते, हात मात्र तेवढाच राहतो. त्यातून चष्मा येतो. मराठीत या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात. कवळीला 'साठी' किंवा काठीला 'सत्तरी' म्हणण्याची पद्धत नाही. वयाचे नाव मिळवण्याचा मान एकट्या चष्म्याचा. औषधाच्या पाकिटावरची मुदत इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की, ज्याला औषधाची गरज नाही त्यालाच ती वाचता येते.

पुढे याच भिंगात मोतीबिंदू होतो. भिंग पिवळसर पडते आणि जग हळूहळू जुन्या फोटोसारखे दिसू लागते. हा बदल इतका सावकाश होतो की दोष धुलाईच्या साबणाला दिला जातो. शस्त्रक्रियेनंतर पांढरे पुन्हा पांढरे दिसते. त्याबरोबर छताच्या कोपऱ्यातली जळमटे दिसतात, ओट्याखालचा तेलकटपणा दिसतो आणि आरशात एक अनोळखी वृद्ध व्यक्ती दिसते. जळमटे काढता येतात.

कानांचे नुकसान अधिक पद्धतशीर असते. अंतःकर्णातल्या ज्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, त्या आधी निकामी होतात. त्यामुळे स, श, फ यांसारखे बारीक ध्वनी निसटतात. स्वर आणि घोषयुक्त व्यंजने मात्र ऐकू येत राहतात. आवाज येतो, पण शब्द लागत नाही. 'सिलिंडर संपलाय' या वाक्यातले दोन्ही शब्द 'स'ने सुरू होत असल्याने ते शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. 'भजी' या शब्दात असा एकही बारीक ध्वनी नसल्यामुळे तो तीन खोल्यांपलीकडून स्वच्छ ऐकू येतो. याला घरात 'सोयीचे बहिरेपण' म्हणतात. शरीरशास्त्र आजोबांच्या बाजूने आहे, परंतु त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

दातांचा प्रश्न दिवाळीत उघड होतो. फराळाच्या ताटातून प्रथम चकली वजा होते, मग शंकरपाळे, मग तळहातावर आपटूनही न फुटणारा लाडू. मऊ पदार्थ चावता येतात, पण ते साखरेमुळे बंद असतात. चिवडा भिजवून घेता येतो, पण रक्तदाबामुळे तो बिनमिठाचा करावा लागतो. शिवाय वयाबरोबर वास आणि चव या दोन्ही जाणिवा बोथट होतात. 'भाज्यांना पूर्वीसारखी चव राहिली नाही' या विधानात शेतीचा दोष किती आणि नाकाचा किती, याची वाटणी करणे अवघड आहे.

गुडघ्यांमधली कूर्चा झिजली की घरातले फर्निचर एकेक पायरी वर चढते. पाटाची जागा चौरंग घेतो, चौरंगाची स्टूल आणि शेवटी देव्हारा भिंतीवर टांगला जातो. जमिनीवर बसणे अवघड नसते. खाली जाताना गुरुत्वाकर्षण मदत करते. खरा प्रश्न उठण्याचा असतो. त्यासाठी एक हात जमिनीला, एक हात जवळ असेल त्याच्या खांद्याला, आणि तोंडाने 'आई गं!' असा उद्गार, ही सामग्री लागते. ऐंशीव्या वर्षीही उठताना आईच आठवते.

उंचीही कमी होते. मणक्यांमधल्या चकत्या सुकून चपट्या होतात आणि चाळिशीनंतर दर दहा वर्षांना सुमारे एक सेंटिमीटर जातो. जुना पायजमा जमिनीला घासू लागला की शिंप्याला बोलणी बसतात. वास्तविक शिंप्याने कापड बरोबर बेतलेले असते. आत राहणारा माणूस आटलेला असतो.

झोप दोन भागांत विभागली जाते. गाढ झोप कमी होते आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकते. पहाटे चारला जाग येते, आणि त्या वेळी करण्यासारखे एकही काम जगात नसल्यामुळे चहाचे भांडे शक्य तितक्या हळू, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल असे, खाली ठेवले जाते. उरलेली झोप दूरदर्शन संचासमोर पूर्ण होते. तीत घोरणे चालते, पण वाहिनी बदललेली चालत नाही, बदलताच "मी बघतोय ना!" असे मिटल्या डोळ्यांनी सांगितले जाते.

स्मरणशक्तीत सर्वांत आधी विशेषनामे जातात. शब्दाला अर्थाचा आधार असतो, नावाला नसतो. म्हणून 'दातांचे डॉक्टर' लक्षात राहतात, त्यांचे आडनाव राहत नाही. मराठीने यासाठी 'हा', 'तो', 'ते हे' अशी सर्वनामांची सोय आधीच करून ठेवली आहे. पतीचे नाव न घेण्याच्या जुन्या रीतीमुळे स्त्रियांचा या व्याकरणाचा सराव दांडगा असतो. नमुन्यादाखल एका दांपत्याचे संभाषण:

"अहो, आज त्या ह्यांच्याकडे जायचंय ना?"

"कोणाकडे?"

"ते हो, पलीकडचे. ज्यांची ही त्या ह्याच्यात होती."

"ते होय! त्यांच्याकडे काल जाऊन आलो की."

"ते ते नव्हेत, ते वेगळे."

या संवादात एकही नाव नाही आणि दोघांपैकी कोणाचाही गैरसमज झालेला नाही.

फायदे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ज्याने केली तो साठीच्या आतला असावा. नवे काही झटपट शिकण्याचा वेग वयाने मंदावतो हे खरे. पण शब्दसंग्रह आणि अनुभवातून साचलेले ज्ञान साठीपर्यंत आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यानंतरही टिकते किंवा वाढते. शब्दकोडी सोडवणारा नातू आजीकडे येतो तो याचमुळे. आजीला शब्द येतो, फक्त त्या शब्दाची गोष्ट सांगून झाल्याशिवाय ती तो सांगत नाही.

सर्दीसुद्धा कमी होते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे होते, मोठ्यांना दोन-तीन वेळा. आयुष्यभर भेटलेल्या विषाणूंची शरीराने ओळख ठेवलेली असते. शेजाऱ्यांची नावे विसरणारा माणूस 1975 सालच्या सर्दीला मात्र विसरत नाही.

मनाबाबतचा फायदा याहून मोठा आहे. अनेक देशांतल्या पाहण्यांत आयुष्याबद्दलचे समाधान चाळिशीच्या उत्तरार्धात तळाला जाते आणि पुढे पुन्हा वर चढते, असे आढळले आहे. वृद्ध माणसे तरुणांच्या तुलनेत चांगल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देतात, वाइटाकडे कमी. 'लोक काय म्हणतील' ही धास्तीही ओसरते. याचे एक कारण प्रगल्भता हे आहे. दुसरे, जे काही म्हणणारे लोक होते तेही आता चारचौघांत कमी येतात.

सामाजिक फायदे लग्नसमारंभात मोजावेत. वृद्धाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते, पहिल्या पंगतीचे ताट मिळते आणि वाढपाच्या कामातून कायमची सूट मिळते. वधूवर वाकून नमस्कार करतात. अलीकडे हा नमस्कार पावलांपर्यंत न पोहोचता गुडघ्यापाशी थांबतो. जो अवयव सर्वांत जास्त दुखतो त्याला हात लावून विचारपूस केली, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. आशीर्वाद मोफत असतो, त्यासोबतचे पाकीट नसते.

जुन्या काळाबद्दल बोलण्याचा अधिकार हाही वयाने मिळतो. 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्याला सहसा कोणी आव्हान देत नाही. त्या वेळच्या मैलोन्मैल चालण्याचे, घागरीने पाणी भरण्याचे आणि मास्तरांच्या छडीचे साक्षीदार दर वर्षी कमी होत जातात आणि त्या प्रमाणात शाळेचे अंतर वाढत जाते. साक्षीदारांची मोजदाद सकाळच्या वर्तमानपत्रात होते. निधनवार्तांचे पान आधी उघडले जाते आणि नावाआधी वय वाचले जाते. आकडा स्वतःच्या वयापेक्षा लहान असेल तर 'फार लवकर गेले', मोठा असेल तर 'भरपूर जगले'. समान असेल तर पान उलटले जाते.

बंद झालेले फायदे

फायदा हा शासन-निर्णयाने येतो, तसाच शासन-निर्णयाने जातो, हा फायदा आणि तोटा यांतला आणखी एक फरक. रेल्वे साठीच्या पुरुषाला भाड्यात 40 टक्के आणि 58 वर्षांच्या स्त्रीला 50 टक्के सूट देत असे. करोनाच्या साथीत, मार्च 2020 मध्ये, ही सूट थांबवण्यात आली. एप्रिल 2020 मध्ये ज्यांची साठी भरली, त्यांनी या सवलतीची साठ वर्षे वाट पाहिली होती. गुडघेदुखी मात्र त्या काळातही स्थगित झाल्याची नोंद नाही.

ऐंशीनंतर

सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब सोपा आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमा होण्यास 80 वर्षे आणि सुमारे 10 महिने लागतात. महाराष्ट्रात यांतले पावसाळ्यातले कितीतरी चंद्र ढगांमुळे दिसतच नाहीत. ते न पाहताच जमा धरले जातात. उलट मोतीबिंदूमुळे काहींना एकाच चंद्राच्या जागी दोन-दोन दिसतात. त्यामुळे एकूण गोळाबेरीज बरोबर येते.

या वयापासून टिकून राहणे ही एक वेगळीच पात्रता ठरते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला 80 पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनावर 20 टक्के वाढ मिळते. 85ला ती 30, 90ला 40, 95ला 50 आणि शंभरी पूर्ण झाली की 100 टक्के होते. नव्याण्णवाव्या वर्षी घाई करणे हे आर्थिकदृष्ट्या सर्वांत नुकसानीचे आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी 'लुकिंग बॅक' हे इंग्रजी आत्मचरित्र 1936 मध्ये, म्हणजे 78व्या वर्षी प्रसिद्ध केले. मागे वळून पाहायला ते वय कोणालाही पुरेसे वाटावे. त्यानंतर ते आणखी 26 वर्षे जगले. 1958 मध्ये त्यांनी शंभरी पूर्ण केली, त्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि 1962 मध्ये 104व्या वर्षी ते गेले. आत्मचरित्र लिहिण्याची घाई करू नये, हा यातला धडा.

फ्रान्समधल्या जान कॅलमां या बाईंचे उदाहरण कराराच्या अंगाने उपयुक्त आहे. 1965 मध्ये, 90व्या वर्षी, त्यांनी आपले घर एका 47 वर्षांच्या वकिलाला देऊ केले. अट अशी की, बाई जिवंत असेपर्यंत वकिलाने दरमहा 2,500 फ्रँक द्यायचे आणि त्यांच्या पश्चात घर त्याचे. वकिलाने 30 वर्षे पैसे भरले आणि 1995 मध्ये तोच वारला. पुढचे हप्ते त्याच्या पत्नीने भरले. बाई 1997 मध्ये, वयाची 122 वर्षे आणि 164 दिवस पूर्ण करून गेल्या. म्हाताऱ्या माणसाच्या घराकडे डोळे लावून बसणाऱ्या सर्वांनी हे आकडे जवळ ठेवावेत.

हयातीचा दाखला

सर्व फायद्यांची शेवटची अट एकच : लाभार्थी जिवंत असावा. निवृत्तिवेतनधारकाला ती दर वर्षी नोव्हेंबरमध्ये सिद्ध करावी लागते. त्यासाठी हयातीचा दाखला असतो. कारकुनासमोर खुर्चीत बसून, पाणी मागून, पंखा जोरात करायला सांगून माणूस जिवंत असल्याचे पुरेसे दाखवून देतो. परंतु हा पुरावा नियमात बसत नाही.

2014 पासून ही सोय डिजिटल झाली आणि बोटाचा ठसा यंत्रावर ठेवला की काम होऊ लागले. अडचण अशी निघाली की, वयाबरोबर कातडीची लवचीकता जाते आणि ठशाच्या रेषा पुसट होतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खडू धरलेल्या आणि फायली उलटलेल्या हातांच्या तर अधिकच. म्हणजे माणूस जितका जास्त जगला, तितके तो जिवंत आहे हे यंत्राला पटवणे कठीण. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. तीत मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते.

ऐंशी पूर्ण केलेल्यांसाठी खिडकी एक महिना आधी, 1 ऑक्टोबरलाच उघडते. त्याच तारखेला जगभर ज्येष्ठ नागरिक दिन असतो. त्या दिवशीच्या सत्काराला जाताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश क्रमांक सोबत ठेवावा. येताना बँक वाटेत लागते.